अनुमानाला हात लावताना

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये मोटारीच्या दरवाजाचा पत्रा तपासताना माणूस पातळ सुती हातमोजा घालतो आणि तळहात पत्र्यावरून सावकाश ओढतो. मोज्यामुळे हात अडखळत नाही, डोळ्याला न दिसलेली लाट तळव्याला कळते. शंका आली तर ऑइल स्टोन फिरवायचा. उंचवट्यावर घासल्याची खूण उमटते, खोलगट जागा कोरी राहते. हाताचा निकाल तिथल्या तिथे पडताळता येतो.

याच चाकणला उरणहून पाइपलाइनने एलपीजी येतो आणि उरणला समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचा वायू उतरतो. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्री रिगने केलेल्या खोदाईत ते तेलक्षेत्र सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाच्याही हजारभर मीटर खाली त्याचे चुनखडीचे थर आहेत; तिथे तळहात पोचत नाही. तिथला अखंड दगड हाती येतो तो विहिरीतून काढलेल्या दंडगोल नमुन्यापुरता, म्हणजे कोअरपुरता. बाकीचं परावर्तित ध्वनिलहरींवरून आणि विहिरींतल्या मोजमापांवरून ताडायचं, मग संगणकात लाखो कप्प्यांची जाळी बांधून प्रत्येक कप्प्याला सच्छिद्रता, पार्यता, तेल-पाण्याचं प्रमाण द्यायचं.

न्यायदर्शनाच्या भाषेत पत्रा हे प्रत्यक्ष आणि तेलसाठा हे अनुमान. धुरावरून अग्नी ओळखावा, तसा प्रतिध्वनीवरून दगड ओळखायचा.

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात निकोल सुल्तानम, एहुद शार्लिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तेलसाठ्याची अशी जाळी टेबलाएवढ्या टचस्क्रीनवर आणली. बोटांनी साठा दुभंगायचा, थर सोलून आतलं पाहायचं. भूवैज्ञानिक आणि तेल-अभियंता एकाच टेबलाभोवती उभे राहून वाद घालू शकतात, हा मला त्यातला सर्वांत मोठा लाभ वाटतो. माउस एकाच्याच हातात असतो, टेबल सगळ्यांचं.

पण हात लागला की मन विश्वास ठेवतं आणि इथे हाताखाली काच असते. कित्येक किलोमीटर पसरलेला थर अनेकदा जेमतेम काही डझन मीटर जाड असतो. खऱ्या प्रमाणात तो कागदासारखा चपटा दिसेल, म्हणून पडद्यावर उभी मोजपट्टी अनेक पटींनी ताणतात. त्यामुळे जवळपास सपाट थरालाही डोंगरउतार येतो आणि बोटाला तोच खरा वाटू लागतो. विहिरीलगतचा कप्पा आणि विहिरीपासून दोन किलोमीटरवरचा कप्पा स्पर्शाला सारखेच गुळगुळीत लागतात. पहिल्यामागे मोजमाप असतं, दुसऱ्यामागे बव्हंशी गणित. एवढा फरक जे साधन लपवतं, ते कितीही देखणं असलं तरी अपुरं आहे असं माझं मत आहे.

चाकणशेजारच्या पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत थ्रीडी प्रिंटर आहेत, टचस्क्रीनवर काम करणारी मुलं आहेत आणि स्पर्शाची कदर करणारे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. या मुलांना माझं सांगणं आहे: प्रिंटरवर भूगर्भाची प्रतिकृती कराल तेव्हा जिथे कोअर मिळाला तो भाग गुळगुळीत ठेवा आणि जिथे नुसता अंदाज आहे तो भाग बोटाला खरखरीत लागू द्या.