भूखंड आला, मुलाचे काय?



1970 साली सिडको स्थापन झाली आणि पुढे घणसोली गावाची भातशेती संपादनात गेली. कोणाला मोबदला मिळाला, साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला. कोणाला काहीच नाही. लेकरे मात्र दोन्ही घरांत वाढत आहेत.

धम्मपदाच्या अट्ठकथेत वाराणसीच्या महाधन श्रेष्ठीपुत्राची कथा आहे. घरात ऐंशी कोटींचे धन. एवढे असताना पोराने शिकावे कशाला, असे म्हणून आईबापांनी त्याला नाचगाण्यापलीकडे काही शिकविले नाही. ते वारले. मग दारूचे मित्र जमले, पत्नीचेही ऐंशी कोटी उडाले. शेवटी म्हातारपणी तो भिक्षूंच्या भोजनशाळेच्या दारात उष्टे मागत उभा राहिला. नुसता दारूला बोल लावू नका. सुरुवात आईबापांनीच केली होती.

उलट परळची चाळ आठवा. सुभेदार रामजींची पेन्शन तुटपुंजी, खोली एकच. तरी भीमरावांच्या पुस्तकांसाठी ते लेकींचे दागिने गहाण टाकीत. गरिबी चांगली, असे मी म्हणत नाही. तिने आपली किती लेकरे खाल्ली!

सिगालसुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये आहेत. वारसा सोपविणे त्यांत शेवटचे; वाईटापासून आवरणे, चांगल्याला लावणे, शिल्प शिकविणे त्याच्या आधी. भूखंडाचे कागद तुम्ही कपाटात जपून ठेवले असतील. आज रात्री पोराची वही उघडून पाहाल का?