हुकूम आणि आनंद

हुकूम आणि आनंद हे दोघे एका घरात सुखाने नांदू शकतात काय? नेहमीचा अनुभव विचारला तर उत्तर 'नाही' असेच येईल. हुकूम पुढच्या दाराने आत शिरला की आनंद मागच्या दाराने बाहेर पडतो. मूल आपण होऊन खेळते तोवर तो खेळ असतो, 'खेळ पाहू!' असे कोणी दरडावून म्हटले की त्याचाच अभ्यास होतो. पण कोणी कोणाला काही सांगावयाचेच नाही असे ठरविले, तर त्यातून आनंद निपजतोच असेही नाही. दहा माणसे दहा दिशांना चालू लागली म्हणजे गर्दी होते, मेळा होत नाही. चार माणसांनी मिळून काही सुंदर करावयाचे तर कोणीतरी सांगावयाचे आणि इतरांनी ऐकावयाचे, हे चुकत नाही. मग ते सांगणे कसे असावे, म्हणजे ऐकणाऱ्याचे माणूसपण शाबूत राहील?

या प्रश्नाला शास्त्रीबुवांसारखे उत्तर देण्याची माझी योग्यता नाही. मी गोष्टी लिहिणारा एक शाळामास्तर. पण या प्रश्नाचा एक जिताजागता नमुना जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील लोकनृत्यांच्या शिबिरांत, नांदतो आहे. सणासुदीच्या दिवशी वाचकांना थोडे तिकडे फिरवून आणावे असा माझा मानस आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लिमथ गावाजवळ, दोन तळ्यांच्या मधल्या पाइनच्या रानात 'पाइनवुड्स' नावाची जागा आहे. १९३० नंतरच्या दशकापासून उन्हाळ्यात माणसे तेथे राहावयास येतात ती नाचण्यासाठी. रानात विखुरलेल्या लाकडी खोपट्या, आणि नाचासाठी वर छप्पर व खाली फळ्यांची जमीन असलेले उघडे मंडप. त्यांतल्या एका मंडपाचे नाव 'सी शार्प' असे आहे. हे पाश्चात्त्य संगीतातील एका स्वराचे नाव. आणि इंग्लंडातील जुनी लोकनृत्ये व लोकगीते गावोगाव हिंडून टिपून ठेवणारे सेसिल शार्प यांच्या नावावर केलेली ती कोटीही आहे. नॉर्थ कॅरोलायनातील ब्रासटाउन येथे १९२५ साली डेन्मार्कच्या लोकशाळांच्या धर्तीवर निघालेली जॉन सी. कॅम्पबेल लोकशाळाही अशीच. तेथे विणकाम, लोहारकाम, वादन, नृत्य सारे शिकवितात. पण परीक्षा नाही आणि चढाओढ नाही.

या शिबिरांत मुख्यतः दोन प्रकारचे नाच चालतात. 'काँट्रा' नाचात जोड्या समोरासमोर दोन लांब रांगा करून उभ्या राहतात. 'स्क्वेअर' नाचात चार जोड्या चौकोन करतात. दोहोंचे मूळ युरोपात आहे. इंग्लंडातील अशा रांगांच्या नाचांचे प्लेफर्डने छापलेले पुस्तक १६५१ सालचे आहे. व्यासपीठावर फिडल, पियानो, ॲकॉर्डियन, बँजो अशी वाद्ये घेऊन चारपाच वादक बसतात आणि त्यांच्याशेजारी एक मनुष्य उभा असतो. नाचाच्या आकृती तो मोठ्याने पुकारतो. त्याला ते लोक 'कॉलर' म्हणतात. आपल्याकडे कॉलर सदऱ्याला असते, तेव्हा आपण त्याला 'पुकाऱ्या' म्हणू या.

आता या पुकाऱ्याचा हुकूम कसा चालतो ते पाहा. नाच सुरू होण्यापूर्वी तो साऱ्यांकडून वाद्यांवाचून एकदा सावकाश चालवून घेतो. मग वादकांना खूण होते आणि सूर सुरू होतो. धून बहुधा ३२ मात्राखंडांची, म्हणजे ६४ पावलांची असते व ती सुमारे अर्ध्या मिनिटात पुरी होते. तेवढ्यात नाचाचे एक आवर्तन संपते आणि प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकून नव्या जोडीसमोर येते. पुन्हा तीच धून, तीच आकृती, नवी माणसे. असे पंधरावीस वेळा चालते.

या आवर्तनांत पुकाऱ्याची हाक केव्हा पडते हे लक्षात घेण्याजोगे आहे. ती पाऊल पडण्याच्या क्षणी पडत नाही. आधीच्या आकृतीची शेवटची दोनचार पावले उरलेली असतानाच पडते. ऐकणाऱ्याला शब्द कानांवरून पायांपर्यंत नेण्यास जेवढा अवसर हवा तेवढा तो देतो. हाक वेळेवर आली, तर ऐकणाऱ्याला आपण हुकूम पाळला असे वाटतच नाही. आपल्यालाच सुचले असे वाटते. तीच हाक दोन मात्रा उशिरा आली तर तिचे खेकसणे होते. जगातील निम्मी रागावणी ही उशिरा आलेली सूचनाच असते, असे मला वर्गात आणि घरात पुष्कळदा वाटत आले आहे. जे आधी सांगावयाचे ते आपण मागून सांगतो आणि त्याला शिस्त म्हणतो.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. काँट्रा नाचाची चारपाच आवर्तने झाली, आकृती पायांत बसली, की पुकाऱ्या हळूहळू शब्द कमी करू लागतो. पूर्ण वाक्याचे दोन शब्द होतात, दोहोंचा एक होतो आणि मग तो गप्पच बसतो. पुढचा नाच केवळ सुरांवर चालतो. ज्याच्यावाचून नाच उभा राहिला नसता त्याच्यावाचून तो चालू लागला, हेच त्याच्या कामाचे यश. आपला आवाज आपल्याला गोड वाटतो. हाती आलेला लोकांचा कान सोडणे कोणाला आवडेल? पण जो पुकाऱ्या शेवटपर्यंत बोलतच राहतो, त्याच्या नाचणाऱ्यांना सूर नीट ऐकूच येत नाही. अधिकार कोणाचा खरा, हे तो किती ऐकला जातो यावरून ठरवू नये. तो वेळेवर गप्प होऊ शकतो की नाही, यावरून ठरवावे.

येथे कोणी म्हणेल, "मग स्क्वेअर नाचाचे काय? तेथे पुकाऱ्या गप्प बसत नाही." आक्षेप खरा आहे. स्क्वेअर नाचात पुष्कळदा पुढे काय येणार हे नाचणाऱ्याला ठाऊकच नसते. चकविणे हीच तेथील गंमत. चार जोड्यांची तो अशी काही गुंतवळ करतो, की आता हे सुटत नाही असे वाटावे, आणि शेवटच्या दोन हाकांत ज्याची जोडीदारीण त्याच्यासमोर आणून उभी करतो. येथे नाचणारा आज्ञाधारक असतो हे कबूल. पण ही आज्ञाधारकता उसनी दिलेली आहे आणि पुकाऱ्या ती धून संपेपर्यंत परत करतो. गोष्ट ऐकणारे मूल सांगणाऱ्याच्या स्वाधीन होते ते याच विश्वासाने, की अरण्यात नेलेस तर घरीही आणशील. गुंता करण्याचा अधिकार तो सोडविण्याची जबाबदारी घेणाऱ्यालाच आहे. ज्याला सोडविता येत नाही आणि तरी जो गुंतवितो, तो पुकाऱ्याही नव्हे आणि पुढारीही नव्हे.

वादकांची गोष्ट आणखी निराळी. एकच धून पंधरा वेळा वाजवावयाची, मैफलीसारखी वाहवा नाही, कारण समोरच्यांचे लक्ष पायांकडे. तरी प्रत्येक आवर्तनात काहीतरी ताजे ठेवावयाचे. कधी पियानोने दबून जावयाचे, कधी फिडलने उसळावयाचे. पण ६४ पावलांची चौकट मोडावयाची नाही, कारण त्यावर शंभर माणसांचे तोल उभे असतात. न्यू हॅम्पशायरचे बॉब मॅक्विलन हे अशा वादकांचे उत्तम उदाहरण होय. ते व्यवसायाने शाळाशिक्षक होते. प्रसिद्ध पुकारे राल्फ पेज यांच्या वाद्यवृंदात ते १९४७ पासून वाजवू लागले आणि २०१४ साली वारले तोपर्यंत त्यांनी हजारांहून अधिक धुना रचल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी मित्रांच्या, ओळखीच्यांच्या नावांनी आहेत. २००२ साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. दुसऱ्यांच्या पायांखाली आपली कला अंथरण्यात या मनुष्याला कमीपणा वाटला नाही. बंधन आणि दास्य यांत आपण नेहमी गल्लत करतो. चौकट आपण ओळखून पत्करली आणि तिचा उपयोग कोणाला होतो हे डोळ्यांपुढे दिसत असले, म्हणजे तीच चौकट झोक्याच्या दोरीसारखी होते.

येथवरचे चित्र मोठे गोजिरे दिसते. पण नुसते गोजिरे चित्र काढून निरोप घेणे हे सणाच्या दिवशीही बरे नव्हे.

नाचाच्या आकृती मोठ्याने पुकारण्याची चाल युरोपातून आली नाही. तेथे नृत्यशिक्षकाकडून आकृती आधी पाठ करावयाच्या असत. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीच्या काळी गोऱ्या मालकांच्या नाचांना फिडल वाजविण्याचे काम पुष्कळदा काळ्या गुलामांकडे असे. आणि वाजविता वाजविता आकृती पुकारण्याची चाल अशाच काळ्या वादकांपासून पसरली, असे फिल जेमिसन या संशोधक-वादकाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार मांडले आहे. क्षणभर थांबून हे दृश्य मनात आणावे. दिवसभर ज्याने हुकूम झेलावयाचे त्याच्या हाकेवर रात्री धन्याची पावले पडत आहेत! त्या गुलामाजवळ शिक्षेचे बळ नव्हते, पैशाचे नव्हते, कायद्याचे तर नव्हतेच. धनी त्याचे ऐकत होता, कारण न ऐकले तर नाच मोडला असता. आणि पहाट झाली की पुन्हा चाबूक आपल्या जागी.

याच्या उलट चित्र विसाव्या शतकातले. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात जुन्या नाचांचे पुनरुज्जीवन मोठ्या हौसेने आरंभिले. बेंजामिन लव्हेट नावाचे नृत्यशिक्षक त्यांनी पदरी ठेवले आणि १९२६ साली पुस्तकही काढले. वरवर पाहता हे पुण्यकर्म. पण फोर्ड यांच्या वृत्तपत्राने जाझ संगीताचे खापर यहुद्यांवर फोडले होते, आणि काळ्या माणसांच्या त्या संगीतावर उतारा म्हणून त्यांना हे 'शुद्ध' नाच हवे होते. ज्या नाचांतली हाकच काळ्या गुलामांच्या कंठातून आली, तेच नाच काळ्यांच्या संगीताविरुद्ध ढाल म्हणून पुढे करण्यात आले! इतिहासाला विनोदबुद्धी आहे, पण ती मोठी कडवट आहे.

या दोन चित्रांवरून मला हुकुमाची परीक्षा सापडते. त्या गुलामाची हाक नाचासाठी होती; फोर्ड यांचा नाच हुकुमासाठी होता. एकाजवळ सत्ता नव्हती, तरी त्याच्या शब्दाने माणसे एकमेकांजवळ आली. दुसऱ्याजवळ अमाप सत्ता होती, आणि कोणाला दूर ठेवावे या हिशेबाने त्याने माणसे एकत्र आणली. सांगणाऱ्याचा हेतू सांगण्यापलीकडे गेला की सूर तेच राहतात, पावलेही तीच राहतात, आणि तरी काहीतरी नासते.

मग आज त्या मंडपात नाचणाऱ्याने काय करावे? ज्या आनंदाच्या पायाशी असे दुःख गाडलेले आहे तो आनंद टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. टाकून दिल्याने त्या अनाम फिडलवाल्यांचे ऋण फिटत नाही. उलट त्यांनी निर्मिलेली एकमेव गोष्ट तेवढी नाहीशी होते. ऋण फेडण्याचे मार्ग दोनच दिसतात. ज्याचे आहे त्याचे नाव घ्यावे, आणि रांग कोणालाही मोकळी ठेवावी.

रांग मोकळी ठेवण्याचा प्रयत्न तेथे चालू आहे, आणि त्यावरून रुसवेफुगवेही आहेत. पूर्वी पुकाऱ्या 'गडी' आणि 'बाया' अशी हाक देत असे. अलीकडच्या वर्षांत पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी डावीकडच्याला 'लार्क' आणि उजवीकडच्याला 'रॉबिन' अशी पाखरांची नावे आली. कोणीही कोणत्याही बाजूस नाचावे, एवढाच अर्थ. एका आकृतीचे नाव भटक्या जमातीला लागेल असे होते. तेही अनेकांनी बदलले. जुन्या माणसांपैकी काहींना हे रुचत नाही. चाळीस वर्षे ज्या शब्दावर पाऊल पडले तो शब्द गेला की पाऊल अडखळते. त्यांच्या दुःखाला हसू नये. परंतु हाक ज्याला द्यावयाची त्याला ती आपली वाटली नाही तर तो रांगेत येईल कशाला? शब्द नाचासाठी आहेत, नाच शब्दांसाठी नाही.

या नाचातल्या दोन रीती मला फार आवडतात. पहिली वजन देण्याची. दोघे हात धरून गिरकी घेतात तेव्हा प्रत्येकाने थोडे मागे झुकून आपला भार दुसऱ्यावर सोपवावयाचा असतो. ओढले तर दुसरा पडतो, भार दिलाच नाही तर गिरकीच होत नाही. संसारात याहून वेगळे काय असते? दुसरी रीत रांगेच्या टोकाची. सरकत सरकत टोकाला पोचलेल्या जोडीला एक आवर्तन नुसते उभे राहावे लागते. मग ती तोंड फिरवून, जागा बदलून, उलट दिशेने पुन्हा नाचात शिरते. कितीही निपुण असो, ही थांबण्याची पाळी कोणाला चुकत नाही. त्या अर्ध्या मिनिटात मनुष्य पहिल्यांदा पूर्ण रांग पाहतो. आपल्यावाचूनही ती किती छान चालली आहे, हे त्याला दिसते.

कोलोरॅडोतील लॉईड शॉ नावाच्या शाळाप्रमुखाने आपल्या मुलांना हे नाच शिकविले, त्यांना घेऊन देशभर हिंडले आणि १९३९ साली गुराख्यांच्या नाचांवर पुस्तक लिहिले. शाळेतला मनुष्य या मार्गाला का लागावा, हे मला समजते. शिकविणे म्हणजे तरी दुसरे काय? थोडे आधी सांगावयाचे, मग सांगणे कमी कमी करावयाचे, आणि समोरची पावले सुराशी जुळली की तोंड मिटून त्या सुराला वाट द्यावयाची. आईबापांचे, पुढाऱ्यांचे, लेखकांचेही काम याहून निराळे नाही. हुकूम आणि आनंद एका घरात नांदू शकतात. अट एवढीच, की घर आनंदाच्या नावावर असावे आणि हुकुमाने पाहुण्यासारखे राहावे, वेळेवर यावे आणि वेळेवर उठावे.