कातळाजवळचं घर

दिवेलागणीला बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या घराच्या गच्चीवर बसा. पाठ भिंतीला टेकू द्या, तळहात मांडीवर उघडे असू द्या. खाली रस्त्यावर स्कूटरी चालल्यात, कुठेतरी पॉवरलूमची खटखट सुरू आहे. चालू द्या. दुसरीकडे राहायला जायचा विचार बरेच दिवस मनात घोळतोय. आज तो निकालात काढायचा नाही, फक्त त्याच्याजवळ बसायचं आहे.

आधी बोटं पाहा. टोकांची कातडी जाड झालेली, पेराशी एखादा जुना ओरखडा. ही बोटं बेसाल्टचे कडे चढून घडली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि आपला दख्खन झाला. दोन थरांच्या मध्ये बरेचदा तांबड्या, ठिसूळ मातीची पट्टी असते. वरचा काळा कातळ हाताला खात्रीचा लागतो. हात पट्टीवर गेला की बोटांखाली भुगा होतो, दोनचार खडे खाली घरंगळतात आणि श्वास आखडतो. तो श्वास आत्ता आठवा. छातीत नेमका कुठे अडकतो, पाहा. मग सावकाश सोडा.

हाच दगड हवा आहे का मला? असं स्वतःला विचारा, आणि उत्तराची घाई करू नका.

बदामीचा तांबूस वालुकाश्म मनात आणा: उभ्या भिंती, आधीच बोल्ट मारलेले मार्ग, खरखरीत पकडी. पण पाऊस मुरला की हा दगड कमकुवत होतो, ओली पकड मोडून हातात येऊ शकते, म्हणून तो वाळेपर्यंत थांबावंच लागतं. मग हंपीच्या ग्रॅनाइटच्या शिळा आठवा. तिथे दोर लागत नाही, खाली गादी पसरली की झालं. तुंगभद्रेपलीकडच्या विरुपापूर गड्डीवर चढाईवाले आठवडेच्या आठवडे राहायचे. तिथली गेस्ट हाउसं बेकायदा ठरली आणि २०२० मध्ये पाडली गेली. शिळा जागच्या जागी आहेत, उतरायची जागा गेली. कातळ पाहून गाव निवडणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

आता मन उत्तरेला वळवा. वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. अकबराला तो लांबलेल्या वेढ्यानंतर १६०१ मध्ये मिळाला. त्याचे कडे पाहताना नजर आपोआप रेषा शोधते: इथून खाच, तिथून अंग मावेल एवढी उभी भेग, मग उजवीकडे सरकायचं. शोधू दे. पण हात आवरा. गड संरक्षित स्मारक आहे. त्याच्या तटाला ड्रिल लावू नये, आणि ज्या कातळावर तो तट उभा आहे त्यालाही लावू नये, असं मी अगदी मनापासून सांगते. त्या गडावर पायांनी चढावं, वर जाऊन वारा खावा, उतरावं. रोज जवळ असलेला कडा आपल्या हातांसाठी नाही, याचं वाईट वाटतंच. वाटू द्या. ते लगेच दुसऱ्या विचारानं झाकू नका.

सातपुड्यात दुसरे कडे आहेत. मग अडतं कुठे? इथे जरा जास्त वेळ थांबू.

दोराला आठाची गाठ मारा. टोक हार्नेसमधून ओवा, गाठीवरून परतवून घ्या, ते पुरेसं लांब सोडलंय ना ते बघा. आता गाठ तपासायला दुसरं कुणीतरी हवं. ते माणूस समोर आणा. ते तुमची गाठ ओढून बघतं, तुम्ही त्याचं बिलेचं, म्हणजे खालून दोर रोखून धरायचं, उपकरण आणि कॅरॅबिनरची कुलूपपट्टी बघता. मग ते दोराचा खालचा भाग मुठीत धरतं, आणि तुम्ही खाली उतरेपर्यंत ती मूठ सुटत नाही. वर तुमचा पाय घसरला तर जे काही होईल ते त्या मुठीत होईल. आता चेहरा नीट पाहा. कोण आहे? बुऱ्हाणपुरात असे किती चेहरे तुम्हाला आठवतात? बोटं मोडून मोजा, पण ओढूनताणून आकडा वाढवू नका.

मला वाटतं घराचा प्रश्न इथेच सुटतो. मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहकांची संस्था १९५४ पासून आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं बेलापूरच्या दगडांवर मुलं तयार केली, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला. पुण्यात गिरिप्रेमी ही तशीच संस्था १९८२ पासून आहे. लिंगाणा, तैलबैला, जीवधनजवळची वानरलिंगी हे सुळके-कडे तिथून आवाक्यातले. अशा ठिकाणी आग्या मोहोळ कोणत्या कड्यावर बसलंय हे सांगणारं कुणी असतं, जुना बोल्ट गंजलाय म्हणून हटकणारं कुणी असतं, आणि कुणी अडकलं तर रात्री दोर घेऊन निघणारेही असतात. ही माणसं पिढ्यांनी जमतात. एकट्यानं येऊन उभी करायची म्हटली तर आयुष्य जातं. कुणी ते करायला बसलं तर त्याला माझा नमस्कार आहे.

मात्र या दोन्ही शहरांत घरभाडं नोकरीला जखडून टाकतं, आणि सुट्टीची पहाट गाडी गाठण्यात जाते. मला विचाराल तर मी नाशिक म्हणेन. धोडप आणि त्याचा इखारा सुळका, अंजनेरी, त्र्यंबकची रांग, सगळं जवळ. शिवाय रेल्वे तीच, आपली. बुऱ्हाणपूर, भुसावळ, मनमाड, नाशिक रोड. मनमाडपाशी खिडकीतून हडबीची शेंडी दिसते, अंगठा वर केल्यासारखा सुळका. रात्री आईचा फोन आला तर सकाळपर्यंत बुधवाऱ्यात पोहोचता येईल. हा विचार कातळाच्या विचाराइतकाच मोठा आहे. त्याला मनात मागे लोटू नका, शेजारी बसवा.

एक श्वास घ्या. निर्णय अजूनही नको.

नाशिकला भाड्याची खोली अकरा महिन्यांच्या करारानं मिळते. करार जूनपासून करा. पहिले चार महिने कड्यांवर पाणी, शेवाळ आणि धुकं असेल, दोर बाहेर निघणार नाही. त्या दिवसांत कोण सरावाला बोलावतं, कोण चहाला थांबवून घेतं, कोण तुमची गाठ न विचारता तपासतं, हे कळत जाईल. ऑक्टोबरात कातळ वाळायला लागेल, तोवर बिलेला कोण हे ठरलेलं असलं तर राहा. नसलं तर एप्रिलअखेर करार संपतोच. अनामत परत घ्या आणि पुढचं गाव पाहा.