मानाची थकबाकी

ऑस्करचा सोहळा अमेरिकेत रविवारी संध्याकाळी होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे. सोमवारी पहाटे उठून कुणाच्या तरी बक्षिसासाठी हळहळायचं आणि दहा वाजता काउंटरवर हसतमुखानं बसायचं, हे माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनालाच जमू जाणे. पण माझी हळहळ परवडली. माझा भाचा त्याच्याही पुढे गेलाय. तो सी.ए.ची आर्टिकलशिप करतो आणि दर वर्षी ‘सर्वोत्कृष्ट अभिनेता’ कोण होणार याचा तक्ता मांडतो. पाच नावं आडवी, रकाने उभे. गोल्डन ग्लोब मिळालं का? अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेनं कुणाला निवडलं? भूमिका खऱ्या माणसाची आहे का? त्यासाठी वजन किती वाढवलं, किती घटवलं? (या रकान्यात आमच्या घरचे सगळे नामांकनाला पात्र आहेत.) आणि शेवटचा रकाना – ‘ड्यू’.

“हे काय रे?” मी विचारलं.

“मामा, म्हणजे या माणसाचं देणं किती वर्षं थकलंय ते. सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच.”

आता थकबाकी हा माझा विषय. वीस वर्षं दुसरं केलंय काय? म्हणून मी जरा खोलात शिरलो.

1939 साली जेम्स स्टुअर्टनं ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये जीव ओतला आणि बक्षीस गेलं रॉबर्ट डोनॅटला. पुढच्या वर्षी ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ या हलक्याफुलक्या चित्रपटासाठी स्टुअर्टला ते मिळालं. जाणकारांनी तेव्हापासून मान डोलावलीय – मागचं देणं फिटलं! ठीक आहे. पण त्या 1940 साली समोर कोण होतं? ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मधला हेन्री फोंडा. खुद्द स्टुअर्टनं आपलं मत फोंडालाच दिलं होतं म्हणतात. म्हणजे स्टुअर्टचं देणं फिटलं आणि फोंडाचं थकलं.

ते फिटायला एक्केचाळीस वर्षं लागली. 1981 च्या ‘ऑन गोल्डन पॉण्ड’साठी फोंडाला बक्षीस मिळालं तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता, आजारी होता. मुलीनं, म्हणजे जेन फोंडानं, ते त्याच्या वतीनं घेतलं आणि पाचच महिन्यांनी तो गेला. यावर कोण दगड वाटाकरता बोलेल? पण त्या वर्षीच्या पाच जणांत पॉल न्यूमन बसला होता. हा पाचव्यांदा हात हलवत परतला. पुढच्या वर्षी ‘द व्हर्डिक्ट’मध्ये त्यानं दारूत बुडालेला वकील असा काही उभा केला की आता नक्की! तर समोर आले साक्षात गांधीजी. बेन किंग्जलेपुढे न्यूमन हरला, डस्टिन हॉफमन हरला, जॅक लेमन हरला, पीटर ओटूलही हरला. त्याच ‘गांधी’नं कोल्हापूरच्या भानू अथैया यांना वेशभूषेचं ऑस्कर दिलं, म्हणून आपण त्या वर्षाबद्दल तक्रार करायची नाही.

1986 मध्ये अकादमीला न्यूमनची लाज वाटली असावी. त्याला मानद ऑस्कर दिलं. आणि लगेच पुढच्या वर्षी ‘द कलर ऑफ मनी’साठी खरंखुरंही दिलं – पंचवीस वर्षांपूर्वी ‘द हसलर’मध्ये ज्या पात्रासाठी नाकारलं होतं त्याच पात्रासाठी! आमच्याकडे एका बिलाचं दोनदा पेमेंट झालं असतं तर ऑडिटरनं लाल शाईची दौत संपवली असती. न्यूमन तर घ्यायलाही गेला नाही.

दुसरी साखळी अशीच. 1974 साली ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागातल्या अल पचिनोला डावलून आर्ट कार्नीला बक्षीस. पचिनोची भरपाई ‘सेंट ऑफ अ वुमन’साठी, 1992 सालची. ती भरपाई कुणाच्या खात्यातून? ‘माल्कम एक्स’ करणाऱ्या डेंझेल वॉशिंग्टनच्या. मग त्याला 2001 च्या ‘ट्रेनिंग डे’साठी...

माझा आक्षेप हा आहे. अकादमी जुनं देणं फेडते ते स्वतःच्या गल्ल्यातून नाही. त्या वर्षी ज्यानं खरोखर उत्तम काम केलं त्याच्या खात्यातून रक्कम काढते आणि दुसऱ्याच्या खात्यात भरते. वर टाळ्या! मतं मोजायला तिथे हिशेबनीस आहेत, सोहळ्याआधी निकाल त्यांतल्या मोजक्यांनाच ठाऊक असतो. बेरीज चोख असणार. पण मत कशासाठी दिलं, यंदाच्या कामासाठी की वीस वर्षांपूर्वीच्या अपराधी भावनेपोटी, याचं व्हाउचर कुठेच जोडलेलं नसतं.

“मग ओटूलचं काय?” भाच्यानं बरोबर दुखरी जागा दाबली.

ओटूलला आठ नामांकनं, एकदाही बक्षीस नाही. सुरुवातच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’नं, आणि तेव्हा समोर ग्रेगरी पेक. माझं तत्त्व पाळायचं तर या माणसाला आयुष्यभर शून्य. मी जरा वेळानं म्हटलं, “त्याला मानद दिलं ना, 2003 साली! ते योग्य. ते कुणाच्या खात्यातून आलं नाही.”

“पण तो आधी नको म्हणत होता, मामा. मी अजून खेळात आहे, ऐंशीचा होईपर्यंत थांबा, असं त्यानं अकादमीला कळवलं होतं.”

बरोबर आहे. सस्पेन्स अकाउंटमधून निघालेला पैसा कुणाला हवा असतो? माणसाला आपल्या नावाच्या खात्यातूनच हवा असतो.

आमच्या ब्रँचमध्ये दर वर्षी उत्कृष्ट कर्मचाऱ्याची ढाल देतात. मध्यंतरी ती हेडकॅशियरसाहेबांना मिळाली. सहा महिन्यांत रिटायर होणार होते, भला माणूस, छत्तीस वर्षांत एक पैशाची चूक नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांचंच नाव सुचवलं. सही माझीही होती आणि पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन. त्या वर्षी कर्जाच्या जुन्या फायली रात्री नऊनऊपर्यंत बसून कुणी लावल्या, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या तिनंच सर्वांत जोरात वाजवल्या. साहेबांचे डोळे भरून आले होते, आणि मी मात्र सारखा तिसऱ्या रांगेकडे बघत होतो. तिला ढाल मिळेल, नाही असं नाही. साधारण 2050 च्या सुमाराला मिळेल. तेव्हा तिसऱ्या रांगेत कोण असेल, तो अजून जन्माला यायचाय.

2021 च्या एप्रिलमध्ये मात्र माझं तत्त्व जिंकलं. चॅडविक बोसमन आदल्या ऑगस्टमध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी कॅन्सरनं गेला होता. ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ ही त्याची शेवटची भूमिका. मेलेल्या माणसाचं देणं तर सगळ्यात जड. नेहमी अखेरीस येणारा चित्रपटाचा पुरस्कार त्या वर्षी आधी उरकून अभिनेत्याचा शेवटी ठेवला होता. कशासाठी, ते सांगायला ज्योतिषी नको. भाच्याच्या तक्त्यात तर चारच नावं उरली होती, पाचव्यापुढे नुसतं ‘झालं’ असं लिहिलेलं. पाकीट उघडलं आणि नाव निघालं अँथनी हॉपकिन्स. ‘द फादर’मधला, स्मृती हरवत चाललेला म्हातारा. आणि हॉपकिन्स तिथे नव्हताच! त्र्याऐंशी वर्षांचा तो माणूस तिकडे वेल्समध्ये झोपला होता. भाषण नाही, टाळ्या नाहीत, कार्यक्रम संपला.

यंदाच्या कामाला यंदाचं बक्षीस, अगदी माझ्या म्हणण्याप्रमाणे. ‘द फादर’ मी पाहिला होता, त्यापुढे बोलायची सोय नव्हती. तरीही हातातला चहा निवून गेला.

संध्याकाळी बँकेतून आलो तर बातम्यांत हॉपकिन्स दिसला. हिरवळीवर उभा, साधा शर्ट. या वयात हे अपेक्षित नव्हतं म्हणाला, आणि बोसमनचं नाव आदरानं घेतलं.

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर करून विचारलं, “हे ज्याचं नाव घेतायत, त्याच्या घरी कोण कोण आहे हो?”

“बायको आहे,” मी म्हटलं.