नुसतं बघायचे पैसे

अडीच वर्षांच्या भाचीला खोकला झाला म्हणून ताईबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी भाचीचा फ्रॉक वर केला, घड्याळ पुढ्यात धरलं आणि तिच्या छातीकडे बघत राहिल्या. पूर्ण एक मिनिट. "श्वास चाळिसाच्या आत आहेत. औषध नको. पाणी, वरणाचं पाणी पाजत राहा. पिणं सोडलं, धाप लागली किंवा फार मलूल झाली, तर लगेच फोन करा." बाहेर पडताना ताई पुटपुटली, "नुसतं बघायचे तीनशे रुपये!"

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. आमच्या लहानपणी डॉक्टर लाल मिक्श्चर द्यायचे, बाटलीवर डोसांची कागदी पट्टी चिकटवून. हातात बाटली आली की पैसे वसूल.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं, मूत्रपिंडं निकामी करणारं. दोष विषारी औषध बनवणाऱ्यांचा, यात वादच नाही. पण लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊच नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये बजावलं. मग इतक्या घरांत बाटली पोचते कशी?

आजारी असतं मूल. फी देतात आईबाप, आणि घाबरलेलेही तेच असतात. सिरप पुष्कळदा त्यांच्या भीतीवरचं असतं, प्यावं मात्र मुलाने लागतं. त्याने थुंकलं तर आपण नाक दाबून पाजतो. अशा वेळी डॉक्टरने कुणाचं ऐकायचं? मुलाचंच, असं म्हणणं सोपं आहे. औषध न देणाऱ्याचा पेशंट पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यात जातो, हे डॉक्टरलाही ठाऊक असतं.

आणि रोजंदारीवरची आई? 'तीन दिवस वाट बघा, मग पुन्हा या' म्हणजे तिचा आणखी एक खाडा. ती बाटली मागते तो अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. म्हणून मला वाटतं, औषध नाकारायचा हक्क डॉक्टरला आहे, पण फुकटात नाही. नाकारलं, तर नंतर फोन उचलावा लागतो.

तिसऱ्या रात्री खोकला वाढला. ताईने साडेअकराला फोन लावला. बाईंनी उचलला. म्हणाल्या, "आता तुम्हीच मोजा. पूर्ण मिनिट हं."

ताई मोबाइलचं स्टॉपवॉच लावून झोपलेल्या पोरीच्या छातीकडे बघत बसली. छत्तीस.