व्यसन की विपत्ती?

भाषांतरकाराला शब्द तोलून पाहण्याची खोडच असते. ‘मोबाईलचे व्यसन’ असे आपण सर्रास म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात मात्र व्हिडिओ गेमच्या आहारी जाणे हा विकार मानला आहे. मोबाईलचा अतिवापर नाही. तरीही रात्री पडद्याला खिळलेल्या माणसाची झोप उडते, मान अवघडते, हे कोण नाकारील? चिंतातुर स्वभावाची माणसे त्यात अधिक गुंततात, असे संशोधकांना आढळले आहे. परंतु चिंता फोनकडे नेते की फोन चिंता वाढवतो, याचा निवाडा झालेला नाही.

संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे दुर्गुण, तसेच संकटही. हा दुहेरी अर्थ मला मोलाचा वाटतो. बोट सरकवावे आणि पुढचा मजकूर आपोआप येतच राहावा, ही युक्ती अझा रास्किन यांनी २००६ साली काढली व पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तेव्हा सारा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण मध्यरात्री एक वचन पाहण्यासाठी फोन उघडून मी अर्धा तास भलतेच वाचत बसतो, तेव्हा सरकणारे बोट माझेच असते. तरुणांना बोल लावण्यापूर्वी हे कबूल केलेले बरे. हल्ली मी फोन स्वयंपाकघरात ठेवून निजतो. पहिल्या रात्री हात दोनदा उशीखाली गेला.