नावावरची रेघ

गेल्या उन्हाळ्यात वडनेरला गेलो होतो. हिंगणघाट सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागले की अर्ध्या तासात हे गाव येते. आमची वडिलोपार्जित शेती तेथेच आहे. थोरल्या बंधूंना जाऊन दीड वर्ष झाले होते. वारसांचा फेरफार मंजूर झाल्याचे कळले, म्हणून वहिनींना घेऊन मी सातबारा काढायला सेवा केंद्रावर गेलो. यंत्रातून कागद बाहेर आला. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. अक्षरांवरून बोट फिरवीत फिरवीत त्या एका चौकटीपाशी थांबल्या. तेथे बंधूंचे नाव होते आणि त्या नावावरून एक आडवी रेघ गेलेली होती. काही वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "भाऊजी, यायचं काय चुकलं होतं?"

मी तीस वर्षे मास्तरकी केली आहे. मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईने किती रेघा ओढल्या असतील ह्याची गणती नाही. जे चुकले ते खोडायचे, हे मीच शिकवीत आलो. वहिनींनी शाळेत जे चार इयत्ता शिकून घेतले होते, त्यानुसार त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मात्र मजजवळ नव्हते.

त्याच कागदाच्या उजव्या अंगाला, इतर हक्कांच्या रकान्यात, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा लिहिलेला होता. बंधूंच्या मागे त्यांच्या मुलाने ते कर्ज फेडले. त्या नोंदीवरूनही रेघ गेली होती. तीच जाडी, तोच रंग. ती रेघ पाहून वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकाच कागदावरच्या एकाच जातीच्या दोन रेघा, आणि एकीने डोळ्यांत पाणी आणले, तर दुसरीने उरावरचा धोंडा उतरवला. तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. साताच्या तक्त्यात जमीन कोणाची, क्षेत्र किती आणि तिच्यावर कोणाचा काय हक्क आहे हे लिहितात. बाराच्या तक्त्यात शेतात काय पेरले ते. हा कागद हाताने लिहिला जाई तेव्हा खातेदार मेला की तलाठी, ज्याला आमच्याकडे जुनी माणसे अजून पटवारीच म्हणतात, त्याच्या नावाभोवती कंस काढीत असे. शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालून खाली वारसांची नावे लिही. "त्याच्या नावाला कंस झाला" असे लोक म्हणत. पुढे सातबारा संगणकावर आला. २०२० साली शासनाने त्याच्या नमुन्यात जे बदल ठरवले, त्यांत हाही एक होता: मृत खातेदार, फिटलेले बोजे, संपलेले करार अशा ज्या नोंदींना आजवर कंस होत असे, त्यांवर यापुढे आडवी रेघ दाखवावी. दोन खातेदारांच्या नावांमध्येही ठळक रेषा आली.

पुतण्या पुण्यात संगणकावरचे असलेच तक्ते तयार करण्याचे काम करतो. त्याला मी फोनवर विचारले. तो म्हणाला, "काकाजी, आमच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीच्या दोन गोष्टी असतात. एक तिच्यातला मजकूर आणि दुसरे तिचे रूप. मजकूर साठ्यातून येतो. रूप नियमाने ठरते. एका रकान्यात नोंद चालू की बंद एवढेच लिहिलेले असते. बंद असेल तर रेघ मार, असा नियम एकदा लिहिला की लाखो ओळींना तो आपोआप लागतो."

"मग यंत्राला माणूस कोणता आणि कर्ज कोणते हे कळत नाही?"

"त्याला बंद एवढेच कळते."

"आणि दोहोंना निराळे रूप द्यायचे झाले तर किती वेळ लागेल?"

तो हसला. "पाच मिनिटे. पण त्या दोन गोष्टी निराळ्या आहेत असे आधी कोणाला तरी वाटले पाहिजे."

ह्या पाच मिनिटांतच नीतीचा सारा प्रश्न सामावलेला आहे असे मला वाटते. आपण समजतो की खरेखोटेपणा मजकुरात असतो आणि रूप ही केवळ सजावट. सातबाऱ्यावर एकही अक्षर खोटे नव्हते. तरीही एका बाईला त्यातून जे कळले ते खोटे होते: तिच्या नवऱ्याचे काहीतरी चुकले होते. अक्षराने खरे बोलून रूपाने खोटे बोलता येते. आणि असले खोटे कोणीच जाणूनबुजून बोललेले नसल्यामुळे त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही.

ह्याची दुसरी बाजूही मी स्वतःला सांगून पाहिली. कंस नाजूक असतो. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. नजरेतून सुटलेला कंस म्हणजे मेलेल्याच्या नावावर जिवंतांची फसवणूक व्हायला मोकळी वाट. शिवाय कंसही न झालेली मृतांची नावे इतकी साचली होती, की २०२५ साली राज्यभर वारसनोंदींची मोहीम काढावी लागली. तिचे नाव 'जिवंत सातबारा'. तेव्हा ठळकपणा हा जिवंतांवरचा उपकारच आहे. रेघेखालचे नाव वाचताही येते. बंद झालेल्या ओळी लपवून तक्ता स्वच्छ दाखवणे यंत्राला सहज जमले असते. ते केले नाही हे चांगलेच झाले. जो कागद आपण काय रद्द केले हे दाखवतो, तो कोऱ्या चेहऱ्याच्या कागदापेक्षा प्रामाणिक असतो.

रेघांशी माझे वैर नाही. १८०२ साली मद्रासहून हिंदुस्थानावर त्रिकोणांचे जाळे टाकायला निघालेला विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली नागपूरच्या वाटेवर आमच्या हिंगणघाटला मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. रेघा आखल्या नाहीत तर नकाशा होत नाही, आणि धुरा कोणाचा हे ठरत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की निरनिराळ्या दोन गोष्टींना एकच खूण देऊ नये. आणि ही तक्रार आमच्या भागात थोडी अधिक बोचते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदतीची योजना दिली, त्यांत वर्धा होता. कर्ज संपणे आणि माणूस संपणे ह्यांतला फरक जेथे पुसट होऊन बसला होता, तेथे तो कागदावर तरी ठळक असायला हवा.

खुणा काढणाऱ्यांनी हा विचार पूर्वीही केलेला आहे. अलेक्झांड्रियाचे पंडित होमरच्या काव्यातली शंकास्पद ओळ खोडीत नसत. समासात एक आडवी खूण करीत आणि ओळ जशीच्या तशी राहू देत. त्या खुणेपासूनच पुढे छापखान्यातला खंजीर आला, आणि युरोपात तो मृताच्या नावापाशी छापू लागले. नावावर नव्हे, नावापाशी. आपल्या मराठीत तर ह्याहून साधी सोय आहे. लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावामागे आपण 'कै.' लिहितो. एका अक्षराने माणूस गेल्याचे कळते, आणि नाव उणे होण्याऐवजी त्यात भर पडते.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी वहिनींना समजावू लागलो. म्हटले, "वहिनी, दादांचे काहीच चुकले नव्हते. ती रेघ त्यांच्यावर नाही. त्या जमिनीवरचा त्यांचा हक्क आता तुमच्याकडे आणि मुलाकडे आला, एवढेच ती सांगते."

त्यांनी कागद पुन्हा उलगडला. नावाच्या शेजारी क्षेत्राचा आकडा होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हक्क तर हा इथं हाय. मंग रेघ इथंच मारायची होती नं."

ही गोष्ट मी पुतण्याला कळवली. फोनवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई बरोबर सांगते, काकाजी. आम्ही सबंध ओळीला रूप देतो. चौकटीला द्यायला हवे होते."